21 जून आणि कोल्हापूरची बाग: नव्यानं आलेल्यांसाठी

कोल्हापुरात वर्षातला सर्वांत मोठा दिवस उजाडतो तोवर उन्हाळा संपून जवळजवळ पंधरवडा झालेला असतो. मृगाचा पाऊस येऊन गेलेला, रेनकोट खुंटीला वाळत टांगलेला, आणि अंगणात पाय ठेवला की चप्पल चिखलात रुतते. स्वीडनमध्ये ह्याच दिवसांत लोक बागेत टेबलं मांडून जेवतात. आपल्याकडं ह्या दिवसांत पेरणी चालू असते.

एमआयडीसीत नोकरीला आलेले, विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहणारे, निवृत्तीनंतर इकडं घर बांधलेले, असे बरेच जण जूनमध्ये हौसेनं कुंड्या आणतात आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कामाला लागतात. ‘जूनच्या कडक उन्हात रोपांवर हिरवी जाळी बांधा, दोन्ही वेळा पाणी घाला’ हा सल्ला उत्तर भारतासाठी ठीक आहे. इथं तो पाळला तर आठवड्याभरात मुळं कुजतात. बाग करायची तर इथला सूर्य आणि इथला पाऊस बघूनच करावी लागते, आणि जूनमध्ये हे दोन्ही बाहेरून आलेल्याला चकवतात.

आधी सूर्य बघा

21 जूनच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य सकाळी सहा वाजून एक-दोन मिनिटांनी उगवतो आणि संध्याकाळी सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी मावळतो. म्हणजे दिवस साधारण 13 तास 7 मिनिटांचा. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस 11 तास 8 मिनिटांच्या आसपास असतो. फरक जेमतेम दोन तासांचा. स्टॉकहोममध्ये जूनचा हा दिवस साडेअठरा तासांचा असतो, तिथल्या लोकांनी त्याचा सण केला ह्यात नवल काही नाही. पानाफुलांनी मढवलेला खांब उभारून त्याच्याभोवती नाचायचं, कोवळे बटाटे आणि खारवलेला हेरिंग मासा खायचा, लग्न न झालेल्या मुलींनी सात प्रकारची फुलं उशीखाली ठेवून झोपायचं. फिनलंडमध्ये तळ्याकाठी मोठ्या शेकोट्या पेटतात. इंग्लंडात स्टोनहेंजच्या दगडांपाशी सूर्योदय बघायला माणसं रात्रभर जागतात.

आपल्याकडं दिवसाच्या लांबीपेक्षा सूर्याची जागा महत्त्वाची. कोल्हापूर 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त साडेतेवीस अंशांच्या जवळ. त्यामुळं मेच्या 6-7 तारखेला दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर तो चक्क उत्तरेकडं सरकतो. 21 जूनला तो डोक्यावरच्या बिंदूपासून पावणेसात अंश उत्तरेला असतो. तिथून माघारी फिरतो आणि ऑगस्टच्या 5-6 तारखेला पुन्हा डोक्यावरून जाऊन दक्षिणेला उतरतो. ह्या तीन महिन्यांत उगवल्यापासून मावळेपर्यंत सूर्य पूर्ण वेळ उत्तरेच्याच बाजूला असतो. घराच्या सरळ दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीवर ह्या काळात थेट ऊन पडतच नाही.

‘दक्षिणेला ऊन, उत्तरेला सावली’ हे आपण सगळे शाळेपासून घोकत आलोय. बाग लावताना तेच डोक्यात असतं. मग मे महिन्यात उत्तरेच्या गॅलरीतली नेच्यांची पानं करपतात आणि माणूस नर्सरीवाल्याला दोष देतो.

पहिलं काम: काठी रोवा

एक मीटरची सरळ काठी घ्या. गच्चीवर किंवा अंगणात उघड्या जागी, मातीनं भरलेल्या डब्यात उभी करा, पण मातीच्या वर पूर्ण एक मीटर राहील अशी. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधून काठी सरळ आहे का बघा. दुपारी बाराला बघू नका. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला असल्यामुळं इथली खरी मध्यान्ह जूनमध्ये 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास होते. त्या वेळी काठीची सावली दक्षिणेकडं पडलेली दिसेल, लांबी फक्त 12 सेंटिमीटर. हीच काठी डिसेंबरात लावली तर सावली उत्तरेला पडते आणि 84 सेंटिमीटर भरते.

ढग असतील, ते असणारच. घाबरायचं कारण नाही. 21 तारखेच्या आधी आणि नंतर आठवडाभर सूर्य जवळजवळ त्याच जागी रेंगाळतो, त्यामुळं त्या दोन आठवड्यांत जेव्हा उघडीप मिळेल तेव्हा हे करा. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्याकडून खडूनं खूण करून घ्या. डिसेंबरच्या सुट्टीत दुसरी खूण, आणि दोन्ही खुणा एकाच गच्चीवर राहू द्या.

ह्या दोन आकड्यांवर बागेतली निम्मी भांडणं मिटतात. समजा दोन मीटर उंचीचा वेलाचा मांडव घालायचाय. तो वाफ्याच्या दक्षिणेला घातला तर डिसेंबरात भर दुपारी त्याची सावली पावणेदोन मीटर आत येईल आणि मेथी-कोथिंबीर उन्हाला तरसेल. तोच उत्तरेला घातला तर जूनमध्ये दुपारची सावली वाफ्यावर वीतभरच येते, आणि डिसेंबरात सावली बाहेरच्या बाहेर जाते. म्हणून मांडव, शेवगा, पपई, केळ, जे जे उंच ते उत्तरेच्या कडेला.

फ्लॅटवाल्यांनी एवढंच करावं: जून-जुलैत मिरची, वांगी, तुळस उत्तरेच्या गॅलरीत आणावी. दक्षिणेची गॅलरी ह्या दिवसांत नेचे, मनीप्लांट आणि नुकत्या लावलेल्या फांद्यांना द्यावी. पश्चिमेची गॅलरी असेल तर पावसाळी वारा तिकडूनच झोडपतो हे ध्यानात ठेवा. कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

दुसरं: कॅलेंडरात नक्षत्र शोधा

भिंतीवरच्या कॅलेंडरात जूनच्या पानावर बारीक अक्षरात ‘मृग नक्षत्र’, ‘आर्द्रा नक्षत्र’ असं छापलेलं असतं, सोबत वाहन कोल्हा, मेंढा, बेडूक असं काहीतरी. पावसाचा अंदाज त्या वाहनावरून बांधायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी हवामान खात्याचा अंदाज बघतो. पण नक्षत्राच्या तारखा मात्र बागेसाठी सोन्यासारख्या आहेत. कारण ह्या सूर्याच्या तारखा आहेत, दर वर्षी फार तर एका दिवसानं हलतात. मृग 7-8 जूनला लागतं, आर्द्रा 21-22 जूनला, पुनर्वसू 5-6 जुलैला, पुष्य 19-20 जुलैला. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा.

सर्वांत मोठा दिवस आणि आर्द्राचा प्रवेश असे हातात हात घालून येतात. राष्ट्रीय दिनदर्शिकेतला आषाढही 22 जूनलाच सुरू होतो. पंचांगातली कर्क संक्रांत, म्हणजे तिथली दक्षिणायनाची सुरुवात, मात्र 16 जुलैच्या आसपास असते, कारण तिथं गणना ताऱ्यांच्या संदर्भानं चालते. आकाशातलं दक्षिणायन जूनमध्ये आणि पंचांगातलं जुलैत, असा हा घोळ दिसतो. बागेपुरतं जूनचं धरा.

सण तिथीवर चालतात. वटपौर्णिमा एखाद्या वर्षी जूनच्या सुरुवातीला येते, अधिक महिना आला की महिनाअखेरीला जाते. ‘वटपौर्णिमेला दोडका लावायचा’ असं शेजारच्या काकूंनी सांगितलं तर त्यांना हो म्हणा आणि पेरा नक्षत्रावर. मी नव्या माणसाला सोपा ठोकताळा सांगतो: मृग लागला की माती तयार, आणि 26 जूनच्या शाहू जयंतीपर्यंत वेलांचं बी जमिनीत.

तिसरं: माती, आणि वाफसा म्हणजे काय

नदीच्या बाजूला, कसबा बावड्याकडं किंवा उसाच्या रानातून माती आणली असेल तर ती काळी, चिकट असणार. पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात हा तिचा गुण, पावसाळ्यात तोच दोष. शहरात वर्षाला साधारण एक मीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा जून ते ऑगस्टमध्ये. पश्चिमेला गगनबावड्याकडं तो ह्याच्या कित्येक पट. तेव्हा जमिनीतला वाफा सपाट ठेवू नका. अर्धा फूट उंचीचा गादीवाफा करा, दोन्ही बाजूंना पाणी वाहून जाईल अशी सरी काढा, आणि ती सरी कुठं संपते ते बघा. ती शेजाऱ्याच्या दारात संपत असेल तर आत्ताच बदला.

कुंडीसाठी दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक घमेलं भाताचं तूस. तूस भाताच्या गिरणीत मिळतं, निचरा छान करतं. कुंडीखालच्या ताटल्या काढून माळ्यावर टाका. पावसाळ्यात त्यांचा उपयोग फक्त डासांना होतो: आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास तयार.

आता वाफसा. पाऊस थांबला की लगेच खुरपं घेऊन वाफ्यात उतरायचा मोह होतो. ओल्या काळ्या मातीत पाय दिला की ती दाबली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी होते. मूठभर माती घेऊन दाबा. हाताला चिकटत नाही, गोळा होतो आणि अंगठ्यानं ढकलला की फुटतो, तेव्हा वाफसा आला. तोवर चहा प्या. शेतकरी पेरणीसाठी ह्याचीच वाट बघतो. पश्चिमेकडच्या डोंगरी भागात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात, भात पेरतात, पण ते भाताचं तंत्र, भाजीच्या वाफ्याला ते लावू नका.

वाफ्यावर उसाचं पाचट अंथरा. कोल्हापुरात राहून आच्छादनासाठी विकतच्या नारळाच्या भुश्श्यावर पैसे घालणं मला पटत नाही. ओळखीच्या कुणाच्याही रानात पाचट पडलेलं असतं. चार बोटं जाड थर पुरे, खोडापासून वीतभर लांब. जोराच्या सरीनं माती उडून पानांवर बसते आणि त्यातून बुरशी येते. पाचट असलं की ते टळतं.

चौथं: काय लावायचं

दोडका, कारली, काकडी, दुधी, घोसाळी, पडवळ ही मंडळी ह्या दिवसांत अक्षरशः धावतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, कारल्याचं बी जाड सालीचं म्हणून त्याचं टोक जरा घासून घ्या. आळ्यात तीन बिया, उगवल्यावर त्यातलं जोमदार एक ठेवून बाकीची काढा. हे काढणं नव्या माणसाच्या जिवावर येतं. काढाच. तीन वेल एका आळ्यात ठेवले की तिन्हींना पानं येतात आणि काकडी एकालाही नाही.

भेंडी आणि गवार सरळ वाफ्यात. मिरची-वांग्याची रोपं चार-पाच पानांवर आली की संध्याकाळी लावा. अळू नळाजवळच्या ओलीत. हळद आणि आलं खरं तर मृगाआधीच लावायचं. राहिलं असेल तर आर्द्रात लगेच उरका.

पावट्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. गावरान पावटा जूनमध्ये लावला की वेल मांडवभर पसरतो, ऑगस्ट जातो, सप्टेंबर जातो, फुलाचा पत्ता नाही, आणि लोक वैतागून उपटतात. त्याला दिवस लहान झालेला कळावा लागतो. 21 जूनपासून रोज थोडा थोडा दिवस आखडत जातो. तो पुरेसा लहान झाला की मगच हा वेल फुलतो आणि थंडीत शेंगांनी लगडतो. शेवंतीचंही तेच. जून-जुलैत शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांची रोपं करा, फुलं दिवाळीच्या पुढं. त्यात एक काळजी: गॅलरीत रात्रभर दिवा जळत असेल तर शेवंतीला दिवस लहान झाल्याचं कळतच नाही. तिला अंधारात ठेवा.

दसऱ्याचा झेंडू आत्ता पेरायची घाई करू नका. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेला ऑक्टोबरच्या मध्यात भरात येतो.

जास्वंद, जाई, जुई, मोगरा, कण्हेर, गुलाब ह्यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या वीतभर लांबीच्या कापा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरची दोनच पानं ठेवा, आणि दक्षिणेच्या गॅलरीत खोचा. दमट हवा आणि थेट ऊन नाही, असा योग पुन्हा वर्षभर जुळत नाही. गल्लीत कुणाच्या दारात चांगली जास्वंद दिसली तर सरळ मागा. कोल्हापुरात फांदीला नाही म्हणणारा माणूस क्वचित भेटतो. उलट चहा पिऊन जावं लागतं आणि दोन फांद्या जास्त मिळतात.

खतासाठी जीवामृत करून बघा. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवा, दिवसातून दोनदा काठीनं ढवळा, तीन दिवसांनी दहापट पाणी मिसळून मुळाशी घाला. गूळ काळपट, रसायन न घातलेला घ्या. पिवळाधमक गूळ पोळीला ठेवा. भर पावसात हे घालू नका, सगळं गटारात जाईल.

गोगलगायी

आर्द्राच्या पावसात त्या येतातच आणि एका रात्रीत भेंडीची ओळ साफ करतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याशेजारी अंथरा. पहाटे त्याच्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ थेट मातीवर भुरभुरू नका, माती बिघडते.

ह्या दिवसांतले सण, बागेच्या बाजूनं

वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात. दहा-वीस रुपयांत पूजा उरकते हे खरं, पण शहरात मोठे वड अजून आहेत, तिथं जावं. फांदी घरात आलीच असेल तर कचऱ्यात टाकू नका. वडाची जाड फांदी पावसात सहज मुळं धरते. कुंडीत वाढवा आणि पुढच्या वर्षी गावाकडं मोकळ्या जागी लावा. घराच्या भिंतीजवळ मात्र वड नको.

त्याच पौर्णिमेला इथं कर्नाटकी बेंदूर असतो. बाहेरून आलेल्यांचा इथं गोंधळ होतो, कारण महिन्यानं आषाढी पौर्णिमेला महाराष्ट्रीय बेंदूर येतो. सीमेलगतचा जिल्हा असल्यानं दोन्ही पाळले जातात, कुठल्या गावात कोणता हे त्या गावालाच विचारावं. बैलांची शिंगं रंगवतात, पुरणपोळीचा नैवेद्य, संध्याकाळी मिरवणूक आणि कर तोडणी, म्हणजे आडवी बांधलेली तोरणाची दोरी बैलांकडून तोडून घेणं. घरी बैल नसले तरी मातीची बैलजोडी आणून पूजतात. शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत जाऊन बिनरंगाची, कच्च्या मातीची जोडी घ्या. सण झाल्यावर ती तुळशीच्या कुंडीत ठेवली की पहिल्या चार सरींत मातीत मिसळून जाते.

आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी रस्त्यात पी ढबाकचा (पिपाणी-ढोलाचा) आवाज आला तर थांबा. पंचगंगेला आलेलं नवं पाणी कलशात घेऊन गल्लीच्या गल्ली टेंबलाई देवीच्या टेकडीवर निघालेली असते. दुपारी मटणाचं जेवण असतं आणि नव्या भाडेकरूलाही बोलावणं येतं. त्या दिवशी बागेत काम होणार नाही, हे धरूनच चाला. आषाढी एकादशीला पंढरपूरला जाणं जमत नसेल तर कोल्हापुरातून नंदवाळला दिंडीबरोबर चालत जाता येतं. वाटेत भाताची रोपलागण चाललेली दिसते.

बाग बघायची वेळ

जूनमध्ये सकाळी बागेत काम करावं आणि संध्याकाळी नुसतं बसावं. सात वाजून गेल्यावरही वीसेक मिनिटं चांगला उजेड असतो. जाई-जुई त्याच वेळी उमलतात, अनंत आधीच फुललेला असतो. घरात ब्रह्मकमळ म्हणून लावतो ते निवडुंगाच्या जातीचं झाड असेल तर कळी मान वर करून फुगलेली दिसली की त्या रात्री दहानंतर जागं राहा, सकाळी फूल मिटलेलं असतं. शेजाऱ्यांना बोलवा, भडंग आणि चहा पुरतो.

उघडीप मिळाली तर एखाद्या संध्याकाळी रंकाळ्याच्या पूर्व काठावर उभं राहून मावळता सूर्य बघा. सरळ पश्चिमेपासून तो साडेचोवीस अंश उजवीकडं, वर्षातल्या सर्वांत उत्तरेच्या टोकाला मावळतो. त्याच शहरात अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोहोचतात तो सोहळा, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी असा दोनदा होतो, तेव्हा हाच सूर्य पश्चिमेच्या डावीकडं पोहोचलेला असतो. डिसेंबरच्या टोकाला जाताना एकदा आणि परतताना एकदा तो त्याच जागी मावळतो, म्हणून उत्सव दोन.

ऑगस्टमध्ये काय हलवायचं

5-6 ऑगस्टनंतर दुपारचा सूर्य दक्षिणेला जातो. उत्तरेच्या गॅलरीला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन 22-23 सप्टेंबरपर्यंत मिळत राहतं, पुढं मार्चपर्यंत थेट ऊन मुळीच नाही. तेव्हा मिरची-वांग्याच्या कुंड्या ऑगस्टमध्येच दक्षिणेला न्यायला लागा, आणि फांद्यांची रोपं तिथं असतील तर त्यांना आधी दोन-तीन दिवस जाळीखाली ठेवा. नदीकाठच्या सखल भागात राहत असाल तर जुलैअखेरपासून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघा: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. जमिनीवरच्या कुंड्या इशारा पातळी यायच्या आत गच्चीवर न्या. गणपतीच्या गडबडीत जड कुंड्या उचलायला घरात कुणी सापडत नाही, म्हणून नागपंचमीच्या सुमारासच हे काम उरका.